गादी शिवून साडेतीन वर्षं झाली आणि आता गुडघ्याच्या आतल्या बाजूला गाठ, कुणाला असं झालंय का?

सह्यवारा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज स्वतःच्याच गुडघ्यासाठी धागा काढायची वेळ आली. वय ४१, मुक्काम पुणे, आठवड्याला एक किल्ला, नाहीच जमलं तर सिंहगड. साडेतीन वर्षांपूर्वी राजगडावरून उतरताना उजवा पाय दगडात अडकून अंग फिरलं आणि गुडघ्यात आतल्या बाजूची गादी (मेडिअल मेनिस्कस, दोन हाडांमधली मऊ चकती) फाटली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले फाटलेलं कडेला आहे, तुमचं वयही फार नाही, कापायला नको, शिवूया. तीन 'अँकर' (टाके धरून ठेवणारे बारीक ठोकळे) टाकले म्हणाले. सहा आठवडे कुबड्या, चार महिने उकिडवं बसायचं नाही, सगळं इमानदारीत पाळलं आणि पुढची तीन वर्षं गुडघा एकदम फर्स्ट क्लास.

गेल्या पावसाळ्यापासून आतल्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. मांडी घातली की टोचते, पाय सरळ केला की जवळजवळ गायब होते. मोठा उतार उतरलो की दुसऱ्या दिवशी गुडघ्यात पाणी. जिथे ऑपरेशन झालं तिथले सर्जन आता दुसरीकडे गेलेत, नवीन डॉक्टरांनी एक्सरे काढला आणि म्हणाले सगळं छान आहे, वजन कमी करा. माझं वजन ६८ आहे हो! मग दुसरीकडे एमआरआय केला, रिपोर्टमधे लिहिलंय ग्रेड ३ सिग्नल, गादी परत फाटल्याची शक्यता. ते डॉक्टर म्हणाले आता शिवण्यात अर्थ नाही, तेवढा भाग कापून टाकू, दोन दिवसांत घरी. गाठीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. तीन वर्षं बरं असलेलं असं अचानक बिघडतं का? आणि ते अँकर आतापर्यंत विरघळून गेले असतील ना?

खडूस_काका
कापायची घाई करू नका एवढंच सांगतो. मी १९८१ साली वीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या टीमकडून कबड्डी खेळताना डावा गुडघा गेला. तेव्हा दुर्बीण वगैरे आमच्या नाशकात कुठली, गुडघा उघडून अख्खी गादी काढून टाकली, सडकी सुपारी फेकावी तशी. डॉक्टरांनी वडलांना सांगितलं होतं की तो भाग काही कामाचा नसतो, अपेंडिक्ससारखा. पन्नाशीत पाय धनुष्य झाला, साठीला सांधा बदलला. उजवा गुडघा अजून ओरिजिनल आहे बरं का.

कबड्डीचा_किडा
काका सेम केस! मी सांगलीजवळचा, वय १९, माझीपण गादी फाटलीया, एका डॉक्टरांनी सांगितलं शिवू, खर्च जास्त आणि सहा महिने मॅट बंद, दुसरे म्हणतात ट्रिम करू, दीड महिन्यात खेळशील. सिलेक्शन तोंडावर आहे, काय करू सांगा की राव

अस्थिपंजर
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, कोल्हापूर भागात. न तपासता निदान करणार नाही, पण धाग्यात दोन-तीन गैरसमज दिसतायत ते तरी काढूया.

काका, तुमच्या डॉक्टरांना दोष देऊ नका, तेव्हा बऱ्याच ठिकाणी तसंच शिकवलं जायचं. गंमत म्हणजे एडिंबराच्या टॉमस अ‍ॅनंडेल नावाच्या सर्जननं १८८३ मधेच एका खाणकामगाराची सुटलेली गादी टाक्यांनी जागेवर बसवली होती. आणि १९४८ मधे फेअरबँक नावाच्या ब्रिटिश सर्जननं गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्सरे बघून लिहून ठेवलं की हाडं चपटी होतात, सांध्यातली फट कमी होते. तरी पुढची काही दशकं सर्रास काढणंच चालू होतं.

गादीला रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला असतो, साधारण बाहेरचा पाव ते तिसरा हिस्सा. त्याला आम्ही रेड झोन म्हणतो. तिथलं फाटलेलं शिवलं तर भरून यायची शक्यता चांगली, आतल्या पांढऱ्या भागात रक्तच नाही तर भरणार कशानं.

आता अँकर. पूर्वी बाहेरून चीर देऊन लांब सुयांनी टाके घालायचो, अजूनही घालतो. ९० च्या दशकात 'ऑल इनसाइड' आलं, म्हणजे बाहेर चीर न देता सगळं दुर्बिणीच्या भोकांतूनच. पहिल्यांदा कडक प्लॅस्टिकच्या काटेरी पिना आल्या, बाण, डार्ट, स्क्रू, स्टेपल अशी सगळी पिलावळ. बऱ्याचशा पीएलएलए नावाच्या 'विरघळणाऱ्या' पदार्थाच्या. सर्जनना आवडल्या कारण पाच मिनिटांत काम. मग काही महिन्यांनी, वर्षांनी तक्रारी यायला लागल्या आणि त्यावर भरपूर लिहिलं गेलं. पिनेचं डोकं गादीच्या वर राहिलं तर मांडीच्या हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत अस्तरावर, म्हणजे कुर्चेवर, घासून चर पाडायचं. पीन तुटून तुकडा सांध्यात फिरायचा, नाहीतर सरकत सरकत कातडीखाली यायचा. इन्फेक्शन नसताना गुडघा सुजायचा.

हल्ली जे टाकतो ते वेगळं. दोन बारीक ठोकळे, मधे दोरा आणि आधीच बांधलेली सरकगाठ. ठोकळे गादीच्या पाठीमागे सांध्याच्या आवरणाबाहेर बसतात, दोरा ओढला की फाट मिटते. कडक डोकं सांध्यात येत नाही, म्हणून घासण्याचा प्रकार खूप कमी झालाय. पण कमी म्हणजे शून्य नाही. ठोकळा कुठे बसला हे सर्जनला डोळ्यांनी दिसत नाही, सुई किती खोल गेली त्यावर सगळं. जास्त खोल गेली तर ठोकळा थेट चरबीत, कातडीखाली. आतल्या बाजूला तर मांस कमीच असतं.

आणि सह्यवारा, विरघळण्याचं म्हणाल तर ते कशाचं बनलंय त्यावर आहे. पीएलएलए विरघळतं पण त्याला वर्षं लागतात, दोन-तीन, कधी त्याहून जास्त, आणि विरघळताना तुकडे पडतात तेव्हाच शरीर चिडतं, म्हणून ऑपरेशननंतर दोन-तीन वर्षं सगळं छान आणि मग अचानक सूज असं होऊ शकतं. पीक नावाच्या प्लॅस्टिकचे ठोकळे असतील तर ते कधीच विरघळत नाहीत. दोराही नाही. आणि यातलं काहीही एक्सरेत दिसत नाही! एक्सरे 'छान' आहे याचा अर्थ हाडं छान आहेत, बस.

गुगलपंडित
म्हणजे सर्जन लोकांनी पेशंटवर प्रयोग केले आणि आता सांगतायत सरकतं म्हणून. सगळा इम्प्लांट कंपन्यांचा धंदा. सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटचे भाव बांधून दिलेत तरी हॉस्पिटलं लुटतातच. आमच्या गावात एक वैद्य नुसत्या लेपाने गादी परत आणतात.

अस्थिपंजर
लेपाने गादी परत येत असती तर मीच विकला असता. भाव बांधले ते ऑगस्ट २०१७ मधे, पूर्ण सांधा बदलायच्या इम्प्लांटचे. गादी शिवायचे अँकर त्यात नाहीत. बिलावर चिडा, मीही चिडतो, पण चुकीच्या कागदावर नको.

खडूस_काका
पंडित, तो लेप आधी माझ्या स्टीलच्या गुडघ्यावर लावून बघू, परत हाडाचा झाला तर तुमचा सत्कार करतो.

मृण्मयी_श्टुटगार्ट
मी ते बाण-पिना प्रकरण भोगलंय म्हणून लिहिते. २००१ मधे इथे जर्मनीत स्कीइंग शिकायच्या हौसेपायी (डोंबिवलीच्या मुलीला कोणी सांगितलं होतं) गुडघा फिरला आणि दोन पिना घातल्या. साधारण वर्षभराने जिना उतरताना आत कुणीतरी नखाने ओरखडतंय असं वाटायचं, दुखण्यापेक्षा ते किरकिरणं जास्त. गुडघ्यात पाणी व्हायचं, काढलं की आठ दिवस बरं. इथल्याही डॉक्टरांना तीन खेपा माझं म्हणणं पटलं नाही, एकाने तर टेन्शन आहे का विचारलं. शेवटी दुर्बीण घालून बघितलं तर एका पिनेचं डोकं वर आलं होतं आणि समोरच्या हाडावर बरोब्बर तेवढ्याच रुंदीची खाच. पीन काढली, पाणी थांबलं. खाच मात्र राहिली, ती भरून येत नाही. आता पन्नाशीत तो गुडघा थंडीत बोलतो.

सह्यवारा, एक विचारते. गाठ दाबल्यावर पायाच्या आतल्या बाजूने खाली मुंग्या येतात का? माझ्या मैत्रिणीला तसं होतं आणि तिचं कारण शीर (संवेदनेची, रक्ताची नव्हे) निघाली, पीन नव्हे.

सह्यवारा
नाही मृण्मयीताई, मुंग्या नाहीत. फक्त टोचतं, चपलेत खडा गेल्यासारखं.

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. अँकर कशाचे होते मला माहितीच नाही. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'मेनिस्कस रिपेअर केले' एवढी एक ओळ आहे.

अस्थिपंजर
त्या हॉस्पिटलातून ऑपरेशन नोट मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि अँकरच्या पाकिटावर स्टिकर असतो, नाव, मटेरियल, लॉट नंबर सगळं. ते स्टिकर केस पेपरवर चिकटवतात आणि मेडिक्लेम असेल तर त्याची कॉपी क्लेमच्या फाइलमधे जाते. घरी शोधा.

पुढचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, पण मी असतो तर काय केलं असतं सांगतो. आधी गाठीवर चांगल्या रेडिओलॉजिस्टकडून सोनोग्राफी, गुडघा वाकवून आणि सरळ करून, दोन्ही. लोक एमआरआयला पंधरा जागी फिरतात आणि वरवरच्या गाठीसाठी सगळ्यात स्वस्त आणि सोयीची तपासणी विसरतात. सीआरपी, ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे दाह आहे का ते सांगणाऱ्या रक्ताच्या तपासण्या. गुडघ्यात पाणी असेल तर ते काढून पेशी, युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक आणि कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं), तेही चौदा दिवस ठेवलेलं, कारण इम्प्लांटवरचे काही जंतू आळशी असतात, तीन दिवसांत उगवत नाहीत. आणि आपल्याकडे एकाच गुडघ्याला महिनोन् महिने सूज असेल तर टीबी डोक्यात ठेवायचाच. इम्प्लांटवर ढकलून मोकळं व्हायचं आणि निघायचा टीबी, असं नको.

आता तो ग्रेड ३ सिग्नल, म्हणजे एमआरआयमधे गादीच्या पृष्ठभागापर्यंत गेलेली पांढरी रेघ. शिवलेल्या गादीत असा सिग्नल वर्षानुवर्षं राहू शकतो, पूर्ण भरून आलेली असली तरी. व्रण म्हणा ना. साधा एमआरआय इथे फसवतो. सांध्यात डाय सोडून केलेला एमआरआय जास्त उपयोगी, डाय फटीत शिरला तर खरंच फाटलीये. म्हणून फक्त त्या एका ओळीवर गादी कापून घेऊ नका.

अर्थात परत फाटलेली असूही शकते. पाच वर्षांनी पाहिलं तर शिवलेल्या गाद्यांपैकी साधारण चार-पाचात एक अपयशी ठरते. ज्यांना माहीत नसतं त्यांना हा आकडा धक्कादायक वाटतो, पण बाकीच्यांची गादी वाचते हे बघा.

फिजिओ_तायडी
नागपूरहून. सगळं बरोबर आहे डॉक्टरसाहेबांचं, फक्त एक माझं. सह्यवारा दादा, गाठ आहे तर तिच्यावर मालिश करून घेऊ नका, गरम शेक देऊ नका. माझ्याकडे एक काकू आल्या होत्या, अशाच शिवलेल्या गुडघ्याच्या, कोणीतरी गाठ 'फोडून' देतो म्हणून अंगठ्यानं रगडली, दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा. काहून करता असं बाप्पा!

आणि मांडीचे स्नायू मोजा. टेपनं, वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर, दोन्ही पायांचे. सहा महिने दुखरा पाय वाचवून चालत असाल तर नक्की बारीक झाला असेल, त्यानंही उतारावर गुडघा भरते. ते सुधारल्याशिवाय इम्प्लांटला किती शिव्या द्यायच्या ते कळत नाही.

कबड्डीच्या किड्या, तू एकोणीसचा आहेस. फाटलेलं कुठं आहे, कडेला की आत, आणि लिगामेंट शाबूत आहे का, हे आधी विचार. कडेला असेल तर शिवून घे. एक सिलेक्शन जाईल.

कबड्डीचा_किडा
एसीएल (गुडघ्यातलं मधलं लिगामेंट) पण गेलंय म्हणाले ताई. एकदमच करू म्हणतात

फिजिओ_तायडी
अरे मग हे आधी सांगायचं ना! एसीएल गेलेलं असताना नुसती ट्रिम करून दीड महिन्यात मॅटवर? गुडघा सटकत राहील अन् उरलेली गादी पण जाईल. दोन्ही एकदम केलं तर शिवलेली गादी उलट जास्त चांगली भरते असंच दिसतं.

अस्थिपंजर
+१. आणि बाळा, ऑपरेशनआधी विचार की कोणते टाके, कशाचे, किती. उत्तर द्यायला कंटाळणारा सर्जन असेल तर दुसरा बघ.

सह्यवारा
धागा वर काढतोय, पाच आठवड्यांनी.

फाइल सापडली! बायकोने मेडिक्लेमच्या कागदांची झेरॉक्स ठेवली होती, त्यात तिसऱ्या पानावर तीन स्टिकर. मटेरियल पीक. म्हणजे मी साडेतीन वर्षं 'विरघळलं असेल' म्हणून निवांत होतो आणि ते सगळं जागच्या जागी (किंवा जागेवर नव्हे) बसलेलं. मांडी मोजली, उजवी दोन सेंटिमीटर बारीक. तायडी, तुमचा व्यायाम चालू आहे.

सीआरपी-ईएसआर नॉर्मल. सोनोग्राफीवाल्या मॅडमनी अर्धा तास घेतला, म्हणाल्या पाण्याची पिशवी आहे, चौदा मिलिमीटर, आणि तिच्यात एक छोटी चकचकीत रेघ आहे, ती हाड नाही, रक्तवाहिनी नाही. गुडघा वाकवला की ती रेघ कातडीकडे येते. मी तिथेच 'सापडला' म्हणून ओरडलो. पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे, तिसऱ्याच डॉक्टरांकडे, ज्यांनी स्वतःहून स्टिकर मागितला.

खडूस_काका
चकचकीत रेघ! शुभेच्छा. कापू नका म्हणून मी सांगितलं होतं हे ऑपरेशन थिएटरात सांगा.

मृण्मयी_श्टुटगार्ट
शुभेच्छा. आणि त्यांना सांगून ठेव, आत गेल्यावर समोरच्या हाडाची कुर्चाही नीट बघून फोटो काढा म्हणून. माझ्या वेळी फोटो काढले होते म्हणून आज वीस-बावीस वर्षांनी तुलना करता येते.

सह्यवारा
झालं एकदाचं. टाके निघाले, आता सविस्तर लिहितो.

आधी दुर्बीण घातली. गादीला आकड्याने ओढून बघितलं, जागची हलली नाही, शिवलेला भाग भरून आलेला! व्हिडिओ दाखवला मला, फाटलेल्या जागी पांढरट रेषा आहे फक्त. म्हणजे एमआरआयमधली ती 'परत फाटल्याची शक्यता' हा नुसता व्रणच होता, आणि तेव्हा त्या दुसऱ्या डॉक्टरांना हो म्हटलं असतं तर चांगली भरलेली गादी कापून ठोकळा तसाच आत ठेवून घरी आलो असतो. हे डोक्यात आलं तेव्हा रिकव्हरी रूममधे घाम फुटला.

एका टाक्याचा दोरा सैल होऊन गादीच्या वर लोंबत होता, तो कापून काढला. त्याच्या समोर हाडाच्या कुर्चेवर बारीक ओरखडा आहे, खोल नाही म्हणाले. फोटो घेतलेत, मृण्मयीताई. मग गाठीवर तीन सेंटिमीटरची चीर, तिथल्या शिरेला जपून, पिशवी काढली. आत एक ठोकळा. सांध्याच्या आवरणावर टेकून बसायच्या ऐवजी पार बाहेर कातडीखाली आलेला. दोऱ्याच्या वाटेने सांध्यातलं पाणी पिशवीत यायचं, म्हणून पाय सरळ केला की लहान, मांडी घातली की मोठी. बाकीचे दोन अँकर व्यवस्थित बसलेत, त्यांना हात लावला नाही.

चौदा दिवसांचं कल्चर निगेटिव्ह, टीबीची तपासणी निगेटिव्ह, बायोप्सीत लिहिलंय बाहेरच्या वस्तूविरुद्धची प्रतिक्रिया. चिरेच्या खालच्या बाजूला रुपयाएवढा भाग बधिर आहे, येईल हळूहळू म्हणतात.

पहिल्या सर्जनवर रागावू का? खरं सांगतो, त्यांनीच गादी वाचवली. राग आहे तो न बघता वजन कमी करा म्हणणाऱ्यावर.

अस्थिपंजर
छान झालं. एक काम राहिलं. २०१५ पासून आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्स म्हणून सरकारी योजना आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालते. उपकरणामुळे काही झालं तर तिथे कळवता येतं, फॉर्म ऑनलाइन आहे. यात दोष उपकरणाचा की सुई जास्त खोल गेल्याचा ते बघणारे बघतील, पण आमच्यातलेच कितीतरी जण कळवत नाहीत आणि मग असं क्वचितच होतं असं आम्हीच एकमेकांना सांगत बसतो. तुमच्या डॉक्टरांना भरायला लावा, लॉट नंबर आहेच तुमच्याकडे.

कबड्डीचा_किडा
माझं पण झालं दादा, एसीएल प्लस गादी, दोन अँकर. मी आधीच विचारलं कशाचे आहेत, डॉक्टर हसले आणि पाकीटच दाखवलं. स्टिकरचा फोटो मोबाईलमधे, आईच्या मोबाईलमधे पण

फिजिओ_तायडी
शाब्बास. आता उकिडवं बसशील तर नागपूरहून येऊन मारीन.

गुगलपंडित
तो ठोकळा बघायला मिळाला का? किती मोठा असतो?

सह्यवारा
मिळाला की. लॅबमधून परत मागून घेतला, छोट्या डबीत आहे. जिरं असतं ना, त्याच्यापेक्षा जरासा जाड, मळकट पांढरा, मागे निळ्या दोऱ्याची शेपूट. मी शोकेसमधे तोरणा-राजगडच्या दगडांशेजारी ठेवला होता, बायकोने उचलून औषधांच्या खणात टाकला, म्हणाली पाहुणे विचारतात हे काय.

खडूस_काका
माझ्या वेळी गादी मागितली असती तर बरं झालं असतं. जिऱ्याचा फोटो टाका.